बदकाच्या बदल्यात

आमच्या इमारतीच्या जिन्याखाली एक तिरकी जागा आहे. दाराशी माणूस ताठ उभा राहू शकतो, पण पुढे छत उतरत जातं आणि शेवटी तर बसूनच राहावं लागतं. त्या शेवटी मावशी बसतात. बॅगांच्या चेन दुरुस्त करणं हा त्यांचा धंदा. डाव्या हाताला औषधांच्या रिकाम्या बाटल्या, त्यांत आकाराप्रमाणे चेन ओढायचे रनर. उजव्या हाताला पक्कड, मेण लावलेला दोरा आणि अडकलेल्या चेनवर घासायला मेणबत्तीचा तुकडा. शेजारी माझं झेरॉक्सचं दुकान. मधली भिंत प्लायवूडची आहे, त्यामुळे त्यांचं सगळं बोलणं मला ऐकू येतं आणि माझं सगळं मशीन त्यांना.

मावशींना माणसांचे चेहरे लक्षात राहत नाहीत, बॅगा राहतात. "तो निळ्या सॅकवाला येऊन गेला," असं सांगतात. निळ्या सॅकवाला कोण ते मी शोधायचं. मलाही त्या नावाने हाक मारत नाहीत, 'झेरॉक्स' म्हणतात. दुसरी सवय अशी, की बॅग एक दुखणं घेऊन येते आणि तीन दुखणी बरी होऊन जाते. चेन बसवायला दिली तर पट्टाही घट्ट होतो, अस्तरालाही टाका पडतो, आणि आतल्या कप्प्यात एखादा जादा रनर निघतो. गिऱ्हाईक म्हणालं, "अहो, हे मी सांगितलं नव्हतं," तर मावशी अंगावर येतात. "मग मी तुला विचारलं का?"

हात असा सढळ आणि जीभ अशी. काका गेल्याला सहा वर्षं झाली, मुलगा-सून दुसऱ्या शहरात. बुधवारी दुकान बंद असतं. तेव्हा त्या पाण्याच्या टाकीमागच्या बागेत जाऊन लोखंडी बाकावर बसतात आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या बॅगा बघतात.

अशाच एका बुधवारी त्यांच्या चष्म्याचं घर बाकाखाली पडलं. वाकवत नव्हतं म्हणून त्यांनी बसल्या बसल्या हात घालून चाचपलं, तर हाताला डबा लागला. हिरवा, तळहाताएवढा, बाकाच्या पोटाला चुंबकाने चिकटवलेला. उघडला. आत एक छोटी वही, पेन्सिलीचं थोटूक, शिट्टी, दोन गोट्या, कुठल्याशा देशाचं नाणं आणि अंगठ्याएवढं एक लाकडी बदक. बदकाच्या गळ्यात स्टीलचा बिल्ला, त्यावर काही अक्षरं आणि आकडे. बदकाच्या चेहऱ्यावर असं समाधान होतं, की बघणाऱ्याला उगीच आपलं काहीतरी चुकतंय असं वाटावं.

दुसऱ्या दिवशी सकाळी डबा माझ्या काउंटरवर.

"झेरॉक्स, कुणाचा तरी जीव यात अडकला असेल रे. पाटी छाप."

मी मोठ्या अक्षरात छापून दिली: 'डबा सापडला आहे. आत काय आहे ते सांगून घेऊन जावे.' दोन्ही दुकानांच्या दारांवर लावली. चार दिवस कुणी आलं नाही. एक जण आला, त्याने "आत जेवण आहे का?" असं विचारलं. मावशींनी त्याला पुढच्या गिऱ्हाइकांसमोर बराच वेळ नावं ठेवली.

पाचव्या दिवशी ड्रायव्हिंग स्कूलचे सर आले. सरांची शाळा रस्त्यापलीकडे. दोन गाड्या, एक टेबल आणि आवाज. सरांची गाडी दिसायच्या आधी सर ऐकू यायचे: "ब्रेक! ब्रेक! ब्रेक म्हणजे मधला!" माणूस मनाने अगदी मऊ, पण गाडीत बसला की कुणीतरी अंगात शिरल्यासारखा ओरडायचा. त्या महिन्यात त्यांचे सात विद्यार्थी ओळीने नापास झाले होते. कागदपत्रांच्या बॅगेची चेन तुटली म्हणून ते आले होते, पण चेहरा असा, की चेन हे निमित्त असावं.

मावशींनी रनर बदलला, चेनवर मेणबत्ती फिरवली, पट्ट्याला न विचारता टाका घातला. मग सरांच्या तोंडाकडे पाहिलं, डबा उघडला आणि बदक काढून त्यांच्या हातावर ठेवलं.

"हे गाडीत समोर ठेवा. पोरांना काहीतरी हसरं दिसू दे. तुमच्याकडे बघून कोण गाडी चालवेल?"

सर पहिल्यांदाच हसले. ते गेल्यावर मी भिंतीपलीकडून म्हटलं, "मावशी, डबा दुसऱ्याचा ना?"

"पाच दिवस झाले, मालकाचा पत्ता नाही. आणि मी काय विकलं का? दिलंय."



मालक तीन आठवड्यांनी आल्या. आमच्या भागातल्या लायब्ररीच्या मॅडम. त्या कुठे रजेवर गेल्या होत्या. दारावरची पाटी वाचली आणि हसावं की रागवावं हे न ठरवता आत शिरल्या.

"मावशी, हा डबा हरवलेला नाही. लपवलेला आहे. मीच लपवलाय."

"का? कुणापासून?"

"कुणापासून नाही. लोकांनी शोधावा म्हणून."

मावशींनी माझ्याकडे पाहिलं. बाई बऱ्या दिसतात ना, असा प्रश्न त्या नजरेत होता. मॅडमनी शांतपणे सांगितलं. याला जिओकॅशिंग म्हणतात. एक जण डबा लपवतो आणि जागा नकाशावर टाकतो. बाकीचे फोनवर ती जागा बघत येतात, शोधतात, वहीत सही करतात, आणि डबा होता तसा, होता तिथे परत ठेवतात.

"मोठी माणसं?" मावशींनी विचारलं.

"मोठी माणसं."

"कामधंदा सोडून?"

"कामधंदा करून. आणि आतल्या वस्तूंचा एक शिरस्ता आहे. हवी ती घ्या, पण तिच्या तोलाचं किंवा तिच्याहून चांगलं काहीतरी ठेवून जा. काही ठेवायला नसेल तर काही घेऊ नका, नुसती सही करा."

हे मात्र मावशींना फार पटलं. "हे शहाण्या माणसाने ठरवलंय," म्हणाल्या आणि डबा पुढे केला. "चुकलं माझं. मोजून घ्या."

मॅडमनी शिट्टी पाहिली, गोट्या पाहिल्या, नाणं पाहिलं. "बदक कुठाय?"

मी मशीन चालू केलं. काही काम नव्हतं, पण केलं.

बदक इतर वस्तूंसारखं नव्हतं. त्याच्या गळ्यातल्या बिल्ल्यावरचा नंबर मॅडमनी फोनमध्ये टिपून ठेवला होता. तो त्यांनी माझ्या कॉम्प्युटरवर टाकला आणि बदकाचं स्वतःचं पानच उघडलं. चोवीस डबे फिरून ते आमच्याकडे आलं होतं. एका फोटोत ते होडीच्या टोकावर होतं, एकात बेकरीच्या तराजूत, एकात एका झोपलेल्या कुत्र्याच्या डोक्यावर. सगळ्यात वर मालकिणीने लिहिलं होतं: 'मी दंतवैद्य आहे. दाढा कोरायच्या हत्यारांनी हे बदक कोरलं. दवाखाना सोडून मला कुठे जाता येत नाही, म्हणून याला पाठवलं आहे. ज्याला सापडेल त्याने याला पुढच्या डब्यापर्यंत न्यावं. कृपया पाळू नये.'

मावशींनी ते माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं. मग जिन्याखाली जाऊन आपल्या जागेवर बसल्या. भिंतीपलीकडून आवाज आला, "दुसऱ्याच्या ताटातलं उचलून मी तिसऱ्याला वाढलं रे झेरॉक्स. आणि वर मिरवलं."

त्याच दुपारी आम्ही तिघं सरांकडे गेलो. गाडी दारातच उभी होती. बदक समोरच्या काचेपाशी, दोन बाजूंनी चिकटपट्टी लावून पक्कं बसवलेलं. मावशींनी सगळं खरं सांगितलं. सरांनी ऐकून घेतलं आणि गाडीच्या दारावर हात ठेवून उभे राहिले, जणू आम्ही गाडीच पळवून नेणार होतो.

"मावशी, हे बदक आल्यापासून नऊ जण परीक्षेला बसले. नऊच्या नऊ पास. त्यातल्या एकीला डावं-उजवं कळत नव्हतं. तीही पास."

"पण सर, ते माझं नव्हतंच."

"मला तुम्ही दिलंत. दिलेली वस्तू परत मागायची, हे कुठल्या रीतीत बसतं?"

"ते तुमच्या दोघांचंही नाही!" मॅडम म्हणाल्या, पण तोपर्यंत मावशींचा चेहरा उतरला होता. सर बोलले ते त्यांना लागलं होतं. परत येताना त्या म्हणाल्या, "मॅडम, त्याला बोलू नका. तो घ्यायला आला नव्हता, मी दिलं. आता परत घ्यायचं तर तुमच्या खेळाचाच नियम लावू. त्याच्या तोलाचं किंवा त्याहून चांगलं काहीतरी ठेवते आणि मग घेते."

मॅडमनी त्या संध्याकाळी दंतवैद्य बाईंना सगळं कळवलं. दोन दिवसांनी उत्तर आलं: 'नऊ जण पास झाले हे मी मोठ्याने वाचलं, तेव्हा खुर्चीतला पेशंट तोंड उघडं असताना हसला. मला अर्धा तास जास्त लागला. घाई नाही. पण त्याला कायमची नोकरी लावू नका.'

मावशींनी आधी रेक्झिनचं बदक शिवलं. मुठीएवढं मोठं, पाठीवर छोटी चेन, आत सुटे पैसे ठेवायला जागा. मला तर ते मूळ बदकापेक्षा आवडलं. सरांनी दोन्ही हातांनी घेतलं, मनापासून कौतुक केलं आणि मागच्या सीटवर ठेवलं.

"गोड आहे. पण याला अनुभव नाही."

मग मावशींनी दोन्ही गाड्यांच्या सीटची मापं घेतली आणि आठवडाभर दुसरं काम बाजूला ठेवून नवी कव्हरं शिवली. दुहेरी शिलाई, पाठीमागे कागदपत्रांचा खण, आणि त्या खणाला न अडकणारी चेन. सर कव्हरांवर हात फिरवत राहिले. डोळ्यांत पाणी यायचं बाकी होतं.

"मावशी, हे फार झालं. मजुरी तरी घ्या. पण बदक मात्र…"

"राहू दे," मावशी म्हणाल्या आणि निघून आल्या.

मॅडम वैतागल्या. "तो देणार नाही हे दिसत होतं, मग दुसऱ्या गाडीचीही का शिवलीत?"

"तिचीही फाटली होती म्हणून."

पण एक गोष्ट त्या आठवड्यात झाली होती. शिवता शिवता मावशी विचार करत होत्या. सोमवारी सकाळी दुकान उघडायच्या आधीच त्या सरांच्या टेबलासमोर जाऊन बसल्या. मीही मागोमाग गेलो, कारण माझ्याने राहवलं नाही.

"सर, तुम्हाला बदक कशाला हवंय?"

"पोरं पास व्हायला."

"म्हणजे मी तुम्हाला दुसरं बदक देऊन काय उपयोग? मी तुम्हाला पास होणं द्यायला पाहिजे. मला गाडी शिकवा. कव्हरांची मजुरी द्यायची म्हणत होतात ना, तीच फी समजा. बदक माझी परीक्षा होईपर्यंत झेरॉक्सकडे राहील. त्याच्याशिवाय मी पास झाले, तर त्याला वाट मोकळी करा."

"आणि नापास झालात तर?"

"तर मी पुन्हा त्याचं नाव काढणार नाही. त्या दातांच्या बाईंना मीच लिहीन, की माझ्या चुकीने तुमचं बदक नोकरीला लागलं."

सरांनी मावशींना खालपासून वरपर्यंत पाहिलं. वय अठ्ठावन्न. रस्ता ओलांडताना हात दाखवून सगळी वाहनं थांबवणारी बाई. त्यांना वाटलं असणार, यात आपलं काहीच जात नाही. त्यांनी स्वतः चिकटपट्टी सोडवली. बदक माझ्या लॅमिनेशनच्या मशीनवर येऊन बसलं. मशीन गरम झालं की ते किंचित थरथरायचं आणि गिऱ्हाइकं विचारायची, हे विकायचं आहे का.

शिकवणी सुरू झाली. साक्षीदार म्हणून मला काही वेळा मागच्या सीटवर बसवलं जायचं. नवी कव्हरं होती म्हणून निदान बूड तरी सुखी होतं, बाकी जिवाची शाश्वती नव्हती. बदक नाही म्हटल्यावर सर मूळपदावर आले होते.

"क्लच! क्लच सोडा! हळू! हळू म्हणजे काय ते कळतं ना? हळू म्हणजे हळू!"

सर ओरडले की मावशी दचकायच्या, मावशी दचकल्या की गाडी दचकायची, आणि गाडी दचकली की माझं डोकं पुढच्या सीटवर आपटायचं. ज्या बाईने आयुष्यात कुणाचा आवाज ऐकून घेतला नाही, ती त्या सीटवर बसली की गप्प. पाच दिवस हे चाललं. मला वाटलं, संपलं.

सहाव्या दिवशी मावशींनी रस्त्याच्या मध्यावरून सिग्नल दिला, आरशात पाहिलं, गाडी हळूच कडेला घेतली आणि बंद केली. आजवरच्या शिकवणीत ती पहिलीच गोष्ट त्यांनी बिनचूक केली होती. मग किल्ली काढून मांडीवर ठेवली.

"सर, एक विचारू? बदक होतं तेव्हाही असेच ओरडत होतात?"

सर म्हणाले, "तेव्हा… नाही. तेव्हा गरज पडत नव्हती."

"का?"

"पास होणारच होते ना सगळे."

"ते चालवायचे कसे?"

"सुरुवातीला तुमच्यासारखेच."

"मग तुम्ही काय करायचात?"

"सांगायचो, पुन्हा करा म्हणून. मला काळजीच नव्हती. म्हटलं, बदक आहे."

मावशींनी मान हलवली. "म्हणजे बदक त्यांच्यासाठी काही करत नव्हतं. ते तुम्हाला गप्प बसवत होतं."

मी खिडकीबाहेर बघायला लागलो. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं, एक भिंत होती. सरांनी बराच वेळ समोरच्या काचेकडे पाहिलं. चिकटपट्टीच्या दोन खुणा तिथे अजून होत्या. मग म्हणाले, "आज इथेच थांबू." परत येताना त्यांनीच गाडी चालवली. वाटेत एक रिक्षा आडवी आली, तरी एक शब्द बोलले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सर वेळेवर आले. मावशी सीटवर बसल्या आणि पर्समधून एक छोटा पाउच काढून त्यांच्या हातात दिला. रिकामाच होता, पण त्याला चांगली जाड दातांची चेन होती.

"ओरडावंसं वाटलं की ही उघडायची. अजून वाटलं की बंद करायची."

हसू नका, पण ते चाललं. पहिल्या दिवशी मागे बसून मला नुसता चेनचा आवाज ऐकू येत होता, झर्र, झर्र, मध्येच एकदा फार जोरात झर्र, तेव्हा मावशी दुभाजकाच्या अगदी जवळून गेल्या होत्या. मग सरांचा आवाज यायचा, दबलेला पण माणसासारखा: "पुन्हा करू या." दोन आठवड्यांत मावशींचे खांदे खाली आले. चौकात वळताना त्या सरांशी सुनेच्या गप्पा मारायला लागल्या.

परीक्षेच्या दिवशी मी दुकान बंद ठेवलं. मॅडमही आल्या होत्या. परीक्षक बाई काळा चष्मा घातलेल्या, चेहऱ्यावर काही नाही. मावशींनी सगळं छान केलं. शेवटी दोन रांगांमध्ये गाडी उलटी लावायची होती. ती लावताना कोपऱ्यातला एक पिवळा शंकू मागच्या चाकाखाली गेला. परीक्षक बाईंनी कागदावर फुली मारली.

मावशी उतरून आल्या तेव्हा त्यांचा चेहरा पाहवत नव्हता. आम्ही सरांकडे पाहिलं. पैज तेच जिंकले होते. बदक त्यांचं.

सर म्हणाले, "चूक माझी आहे. उलटी घेताना डावा आरसा कुठे बघायचा ते मी नीट शिकवलंच नाही. चला, पुढची तारीख घेऊ."

"पण ठरल्याप्रमाणे…" मावशी म्हणाल्या.

"ठरलं होतं बदकाविषयी. शिकवणं अर्धवट सोडायचं असं ठरलं नव्हतं."

पुढचे तीन आठवडे सरांच्या अंगणात रोज संध्याकाळी पाण्याने भरलेल्या बाटल्या मांडून मावशी गाडी उलटी लावत होत्या. बघायला आजूबाजूची माणसं जमायची. बदक न्यायला मात्र सर आले नाहीत. दुसऱ्या खेपेला परीक्षक बाईंनी पुन्हा काळा चष्मा लावला, मावशींनी गाडी लावली आणि चारही शंकू जागच्या जागी राहिले. त्याच दिवशी सरांचे आणखी दोन विद्यार्थी पास झाले. बदक तेव्हा माझ्या मशीनवर थरथरत होतं.

सर परस्पर माझ्या दुकानात आले. बदक उचललं, खिशातल्या रुमालाने पुसलं आणि मावशींच्या हातावर ठेवलं. "हे मी परत देत नाहीये," म्हणाले, "बदलून घेतोय. मला जास्त मिळालं."

मावशींनी ते पदराने पुन्हा एकदा पुसलं. 

त्या रविवारी आम्ही चौघं निघालो. मावशी चालवत होत्या, सर शेजारी, मी आणि मॅडम मागे. मॅडमनी गावाबाहेरच्या मोठ्या रस्त्यावरचा एक डबा निवडला होता. तिथे लांबच्या प्रवासाला निघालेली माणसं चहाला थांबतात, त्यामुळे बदकाला पुढची सोबत लवकर मिळाली असती. डबा मैलाच्या दगडामागे होता. मावशींनी बदकासाठी छत्रीच्या कापडाची पिशवी शिवली होती, पाणी लागू नये म्हणून. वहीत सरांनी लिहिलं: 'या बदकाला नऊ उमेदवारांचा अनुभव आहे. स्वभाव शांत. पुढे न्यावे.' त्यांनी डब्यात स्वतःचा एक किल्लीचा छल्लाही ठेवला आणि उठायला लागले.

"काहीतरी घ्या की," मॅडम म्हणाल्या. "ठेवलंत ना."

"घ्यायलाच पाहिजे का?"

"पाहिजे असं नाही."

सरांनी जरा शोधून एक खोडरबर उचललं आणि फार खूश झाले.

बदक पाचव्या दिवशी हललं; कुणीतरी पुढे नेल्याची नोंद त्याच्या पानावर आली. दंतवैद्य बाईंनी मावशींना लिहिलं, 'पिशवीचं माप पाठवाल का? मी दुसरं कोरते आहे. या खेपेला बगळा आहे, मान लांब आहे.' मावशींनी ते पत्र छापून घेतलं आणि रनरच्या बाटल्यांमागे टाचलं.

तेव्हापासून मावशींना या खेळाची गोडी लागली. दर बुधवारी सर एक गाडी देतात. भागातले सात डबे मावशी फिरतात. आधी त्यांची फार चिडचिड व्हायची. डब्यात कुणी वाळलेलं पेन ठेवलेलं असायचं, कुणी बसचं तिकीट, एकाने तर शर्टाचं तुटकं बटण ठेवून शिट्टी नेली होती. मावशींनी मग प्रत्येक डब्यात चार-चार पाउच ठेवायला सुरुवात केली. आठवड्यात सगळे संपले.

मॅडमनी त्यांना समोर बसवलं. "मावशी, राग मानू नका. तुम्ही एवढं ठेवलंत, की लोक शोधायला नाही, न्यायला यायला लागले. आणि ज्या बाईने घरून लोकरीचं फूल विणून आणलं होतं ना, तिने तुमचे पाउच पाहून ते तसंच खिशात परत नेलं. वहीत लिहिलंय तिने, 'माझं फार साधं आहे.'"

मावशींनी वही मागून घेतली आणि ते वाक्य स्वतः, अक्षर अक्षर जोडत वाचलं.  आता एका डब्यात एकच पाउच असतो, तोही साधा, आणि कधी कधी तोही नसतो. निकामी झालेल्या वस्तू मात्र त्या मुकाट्याने उचलतात, वहीची ओली पानं माझ्याकडून नवी करून घेतात आणि डबा होता तसा, होता तिथे ठेवतात. लोकरीच्या फुलाच्या बाईसाठी त्यांनी वहीत मला लिहायला लावलं: 'फूल आणा. वाट बघतोय.' ती आणते की नाही कळायचं आहे.

गेल्या बुधवारी मीही त्यांच्याबरोबर होतो. मैदानाच्या कडेला एक दगडी कट्टा आहे, त्याच्या फटीत डबा असतो. आम्ही वही बदलून डबा परत ठेवला आणि कट्ट्यावरच टेकलो, तेवढ्यात एक जोडपं आलं. दोघंही साठीच्या पुढची. आजोबांच्या हातात फोन, आजी झाडाच्या बुंध्याशी वाकून बघत होत्या.

"इथेच दाखवतंय," आजोबा म्हणाले.

"तुमचं तिथेही इथेच दाखवत होतं," आजी म्हणाल्या.

झाड झालं, नळ झाला, दोघांनी कचऱ्याचा डबाही उघडून पाहिला. मावशींची तगमग बघवत नव्हती. विचारल्याशिवाय पट्ट्याला टाका घालणारी बाई ती. एकदा तोंड उघडलं, मी कोपराने ढोसलं. दुसऱ्यांदा उघडलं, तेव्हा त्यांनीच स्वतःच्या पदराचा बोळा तोंडाशी धरला. वीस मिनिटं गेली. आजी दमून आमच्या समोर येऊन उभ्या राहिल्या आणि मावशींच्या पायांमधून कट्ट्याच्या फटीकडे बघायला लागल्या.

"अहो ताई," आजी हळूच म्हणाल्या, "जरा सरकता का?"

"का हो, काय झालं?" मावशींनी इतक्या निरागसपणे विचारलं, की मी थक्क झालो.

"काही नाही. आमचं एक काम होतं."

मावशी सरकल्या. आजींनी फटीत हात घातला आणि पुढच्या क्षणी त्या अशा ओरडल्या, की मैदानावर खेळणारे थांबले. आजोबा धावत आले. दोघं डबा उघडून त्यात डोकं खुपसून उभे राहिले, आणि मावशी दुसरीकडे तोंड करून, डोळे पुसत, पोट धरून हसत होत्या.